रजिस्टरातले पक्षी

आप्पा, तुमच्या सहा डायऱ्या अजून माझ्याकडेच आहेत. शाहूपुरीतला इलेक्ट्रिक सामानाचा दुकानदार नव्या वर्षाला वाटायचा त्या, लाल रेग्झिनच्या, शर्टाच्या खिशात मावणाऱ्या. घर बदलताना परवा त्या पुन्हा हाताला लागल्या, आणि त्यांच्यासोबत सबस्टेशनच्या रेकॉर्डरच्या कागदांचं भेंडोळंही. लाईन ट्रिप झाली, म्हणजे दोष येऊन आपोआप बंद पडली, की त्या यंत्रातून गुळगुळीत कागदाची पट्टी बाहेर यायची, तिच्यावर त्या क्षणाच्या करंटच्या आणि व्होल्टेजच्या लाटा उमटलेल्या असायच्या. हा कागद उन्हात ठेवायचा नाही, अक्षर उडतं, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी उन्हात ठेवला नाही, तरी उडालं. आता सगळ्या पट्ट्या कोऱ्या आहेत आणि तुमचं बॉलपेनचं अक्षर मात्र जसंच्या तसं आहे. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले, त्यामुळे आता तुमच्याशी थोडं बरोबरीने बोलले तर चालेल असं धरून चालते. तुमच्या खोटेपणाबद्दल बोलायचं आहे. एम.ई. करताना तो मला सापडला, आणि आपला प्रबंध खरा करायचा की तुमचं नाव राखायचं, या पेचात मी तेव्हा अख्खा महिना काढला. तुम्ही हयात असता तर समोरासमोर भांडून एका संध्याकाळीत मोकळी झाले असते.

आधी त्या नावाबद्दल. आपण सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि बिद्रीच्या दिशेने जाणारी लाईन तुमच्याकडे होती. ती ट्रिप झाली की कंट्रोल रूममधला ऑपरेटर तिला पुन्हा चालू करून बघायचा. बहुतेक वेळा ती चालू राहायची, आणि मग ती का पडली हे शोधायला तुम्ही आणि काका टॉवर मोजत चालत निघायचा. काका म्हणजे तुमचे पेट्रोलिंगचे जोडीदार, गळ्यात वीज बोर्डाची दुर्बीण आणि तोंडात तंबाखू. संध्याकाळी परत येऊन तुम्ही ट्रिपिंग रजिस्टरात कारणाचा रकाना भरायचा. ऑफिसात तुमचं लिहिणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या कुणी लिहिलेलं साहेब पुन्हा माणूस पाठवून तपासायचे, तुमचं नाही. नववीत असताना एका रविवारी तुम्ही मला लूनावर मागे बसवून लाईनीवर नेलं होतंत. उसातून आपण चाललो आहोत, पानं हाताला कापताहेत, आणि एका टॉवरखाली थांबून तुम्ही मला डोळे मिटायला सांगता. "काय ऐकू येतंय?" गुणगुणल्यागत वाटतंय, मी म्हणते. "आणि मधनंच?" मधूनच तेलात मोहरी टाकल्यासारखी तडतड होत होती. वरच्या चिनी मातीच्या तबकड्यांकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "त्या घाण झाल्यात. लाईन सांगती की सगळं. ऐकणारं पायजे." मी विचारलं, एवढं चालून काहीच सापडलं नाही तर काय लिहायचं? "सापडलं न्हाई असं लिवायचं. जे बघितलं न्हाई ते लिवायचं न्हाई." तुम्ही हे इतक्या सहज म्हणालात की मला ते फार सोपं काम वाटलं.

ते सोपं नाही हे बारावीत कळलं. फिजिक्सच्या जर्नलमधली लंबकाची रीडिंग मी मैत्रिणीच्या वहीतून उतरवली होती. तुम्ही माझं जर्नल सहज चाळायला घेतलंत आणि आलेखावर थांबलात. सगळे ठिपके कसे शहाण्या पोरांसारखे एका रेघेत बसले होते. "लंबक हालवला हुतास काय?" तुम्ही आवाज चढवला नाहीत, त्यापेक्षा चढवला असता तर बरं झालं असतं. "उद्या सरांस्नी जाऊन सांगायचं, हे मी बघितलेलं न्हाई म्हणून." आई स्वयंपाकघरातून मध्ये पडली, "सगळीच पोरं उतरवत्यात की ओ." "सगळी पोरं माझी न्हाईत," तुम्ही म्हणालात आणि ताटावर बसलात. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, वर्गासमोर तासभर उभी राहिले, आणि पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही विहारात दर रविवारी पुढे उभं राहून सगळ्यांकडून पंचशील म्हणून घ्यायचा. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना त्या रविवारी मी मुद्दाम तुमच्याकडे बघितलं नव्हतं.

अधूनमधून एखाद्या रविवारी मात्र तुम्ही पुढे जायचा नाहीत. घसा बसलाय म्हणून मागच्या रांगेत उभं राहायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचा. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आणखी एका गोष्टीतही काही वाटलं नव्हतं. थंडी सुरू झाली, साखर कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या, की काही काही दिवस तुम्ही काजळीने भरून घरी यायचा. पायजमा गुडघ्यापर्यंत काळा, केसांत राख, आणि अंगाला जळक्या पाचटाचा वास. आई मोरीत कपडे आपटताना कुरकुरायची, "लाईन बघाय जाता का भट्टी लावाय?" त्याच संध्याकाळी कधी काका मागच्या दाराने येऊन काकवीचा डबा ठेवून जायचे. मी भाकरीबरोबर ती काकवी खात बसायचे आणि तुम्ही डब्याकडे बघायचाही नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला गोड आवडत नाही.

आणि माझ्या प्रवेशाचा दिवस. पंच्याण्णवचा पावसाळा. इंजिनिअरिंगच्या यादीत माझं नाव लागलं होतं, सकाळीच पुकारा होणार होता, आणि पालक व जातीचा मूळ दाखला समोर नसेल तर जागा पुढच्याला मिळणार होती. त्याच पहाटे लाईन ट्रिप झाली. पाच मिनिटांत ती परत चालूही झाली, पण कारण शोधायला कुणीतरी जायला हवं होतं, आणि काका नेमके गावी गेले होते. तुम्ही उंबऱ्यात उभे. एका हातात लूनाची किल्ली, दुसऱ्यात दाखल्याची प्लॅस्टिकची पिशवी. मग तुम्ही आत जाऊन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलात. प्रवेश झाला. परत येताना शाहूपुरीत थांबून तुम्ही मला ड्रॉइंगचा ड्राफ्टर घेऊन दिलात, तो पाठीला लटकवून मी क्वार्टरभर मिरवले. तुम्ही मात्र दिवसभर गप्प होता. मी धरून चालले की तुम्हाला माझ्या चार वर्षांची काळजी लागली आहे.

ती चार वर्षं संपली आणि सहा महिन्यांत तुम्ही गेलात. लाईनीवर नाही, विजेने नाही, घरात चहा पिताना. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले, आणि पुढे एम.ई.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. ट्रान्समिशन लाईनवरचा दोष ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं. मशीन लर्निंग हा शब्द तेव्हा आमच्याकडे फारसा रुळला नव्हता, आम्ही न्यूरल नेटवर्क म्हणायचो. तुम्हाला सांगायचं तर असं, की याला नियम सांगायचे नसतात, उदाहरणं दाखवायची असतात. ही लाट बघ, ही फांदी घासली तेव्हाची. ही बघ, ही वीज पडली तेव्हाची. अशी पुष्कळ दाखवली की न पाहिलेली लाट समोर ठेवल्यावरही ते सांगतं की हे काय असावं. तुम्ही मला टॉवरखाली डोळे मिटायला लावलं होतंत, त्याहून हे काही फार वेगळं नाही. आमच्या मार्गदर्शक सरांना विषय आवडला. त्यांची अट एकच होती, की नुसत्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या लाटा नकोत, खऱ्या लाईनीच्या हव्यात. बोर्डातल्या एका साहेबांनी तुमच्या काळातली रजिस्टरं बघायला परवानगी दिली आणि रद्दीत जाणाऱ्या जुन्या पट्ट्या मलाच देऊन टाकल्या. मी पट्ट्यांच्या झेरॉक्स काढल्या, त्यांच्यावर आलेखाचा पारदर्शक कागद ठेवला, आणि एकेक बिंदू वाचून दोन महिने टाइप करत बसले. ही रीडिंग मी खरोखर बघून लिहीत होते, आप्पा. एकही उतरवलं नाही.

प्रत्येक लाटेचं कारण मी रजिस्टरातून घेतलं. तुमचंच अक्षर, मग प्रश्नच नव्हता. फांदी, वीज, फुटलेली तबकडी, आणि पक्षी. पक्षी तर रग्गड. नेटवर्क बाकी सगळं पटापट शिकलं आणि पक्ष्यांवर अडकलं. आज शिकलेलं उद्या विसरायचं, एका पक्ष्याला पक्षी म्हणायचं आणि दुसऱ्याला भलतंच. मी आकडे बदलले, पद्धत बदलली, कॉलेजच्या कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. शेवटी सर म्हणाले, "बाई, तुमचं नेटवर्क ठीक आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? ती कारणं तपासा." मी चिडले. त्यांना म्हटलं, ती कारणं लिहिणारा माणूस तुम्हाला माहीत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो. तुम्हाला माहीत आहे, तीच अडचण आहे." सरांना माझं बोलणं लागलं नाही, पण त्यांचं मला लागलं.

मग मी एक केलं. कारणाचा रकाना झाकून ठेवला आणि नेटवर्कला फक्त लाटा दिल्या, तुझे तू गट पाड म्हटलं. तारीख सांगितली नाही, वेळ सांगितली नाही. त्याने तुमच्या पक्ष्यांचे सरळ दोन भाग केले. एका भागात लाट एकदम उसळलेली, स्वच्छ. दुसऱ्या भागात आधी थोडी थरथर आणि मग उसळी. मी दोन्ही भागांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. पहिल्या भागातले पक्षी वर्षभर विखुरलेले, बहुतेक पहाटेचे. दुसऱ्या भागातले सगळे डिसेंबर ते मार्च आणि सगळे दुपारचे. पक्षी कारखान्याचा हंगाम बघून तारेवर बसत नाहीत. मी त्या कागदांकडे बघत होते आणि मला एकदम तुमच्या पायजम्याचा वास आला. ऊस तुटून गेल्यावर रानात उरलेलं पाचट लोक पेटवून देतात, जाळ आणि राख तारेपर्यंत चढते, आणि लाईन पडते. हे तुम्ही तिथे उभं राहून बघितलं होतंत. राख केसांत घेऊन आलात आणि रजिस्टरात पक्षी लिहिलात.

मला किती राग आला हे तुम्हाला सांगायलाच हवं. लंबकासाठी मला वर्गासमोर उभं केलंत, आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यात तो काकवीचा डबा आठवला. एका डब्याला एक पक्षी, असा हिशोब माझ्या मनाने मांडूनही टाकला. त्याच दुपारी मी मंगळवार पेठेत काकांकडे गेले. ते रिटायर होऊन पोरापाशी राहायला आले होते. मी बसायच्या आधीच विचारलं, "काका, ती काकवी कशाची होती?"

काकांनी तंबाखू थुंकून आधी चूळ भरली. "तुला कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरनं."

"भारीच हाय की तुझा कॉम्प्युटर," ते म्हणाले आणि हसले, पण माझा चेहरा बघून थांबले. "बस. तुझ्या बापानं पयल्यांदा खरंच लिवलं हुतं. 'पाचट पेटवल्यामुळं,' आणि कुणाचं रान ते बी. कागद वर गेला, वरनं पोलिसांत गेला. ज्या बाईचं रान हुतं तिला सकाळधरनं सांजंपतोर चौकीत बसवून ठेवली. आणि तिनं पेटवलंच न्हवतं. शेजारच्या रानातनं जाळ आल्ता. तिनं सांगितलं बी, पण कागदावर तिचंच नाव. तुझा बाप दोनदा जाऊन आला चौकीत. त्येला म्हणाले, तुम्हीच लिवलंय न्हवं?"

काका सांगत राहिले. त्यानंतर लोकांनी तुम्हाला रानातून चालू दिलं नाही. बांधावर काटे टाकले, कुणी पाणी विचारेना, पावणं म्हणून हाक मारेना. आणि एके दिवशी तुम्हाला दिसलं की दोन टॉवरच्या मधली तार ढिली होऊन खाली आली आहे, उसाच्या शेंड्याला टेकायची बाकी, आणि दहा पावलांवर बायका भांगलत आहेत. तार दोन दिवस तशीच होती. सगळ्यांनी बघितली होती, कुणी सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी तुझा बाप बांधावर बसूनच ऱ्हायला," काका म्हणाले. "मला म्हणाला, मी लाईन आठवड्यातनं एकदा बघतो, ही माणसं रोज बघत्यात. ही गप बसली तर लाईन आंधळी झाली म्हण की. त्यापासनं त्यानं पक्षी लिवाय सुरवात केली. सापडलं न्हाई लिवलं तर वरचं परत हुडकाय लावायचं. पण तेवढ्यावर सोडायचा न्हाई हां. ज्यानं पेटवलं त्येच्या रानात जाऊन बसायचा, तारंखालचं पाचट ओढून काढाय लावायचा, सोता ओढायचा. म्हणायचा, पेटवायच्या आदी निरोप धाड, मी येतो. म्हणून त्येचं कपडं काळं व्हायचं. नुसतं बघून कुणाचं कपडं काळं हुत्यात?"

"आणि काकवी?"

"ती मी घ्यायचो. त्यो घेत न्हवता. गावाकडनं आली म्हणून तुझ्या आईकडं ठेवून जायचो. त्येला कळलं तवा माझ्यासंगं आठवडाभर बोलला न्हाई." काकांनी पुन्हा तंबाखूची पुडी काढली. "तू बी खाल्लीस की गं ती काकवी."

खाल्ली होती. राग गेला, पण पेच राहिलाच. सरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, रजिस्टरातली कारणं चुकीची आहेत असं प्रबंधात म्हणायचं तर पुरावा लागेल, एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर भागणार नाही. पुरावा घरात होता, फक्त मला तो पुरावा आहे हे कळत नव्हतं. तुमच्या डायऱ्यांत रोजची एक ओळ असायची, किती वाजता निघालात, कुठल्या टॉवरपर्यंत गेलात. काही ओळींच्या शेवटी ४ असा आकडा घालून त्याच्याभोवती गोल केलेला. मला वाटायचं चार तास जादा काम. मग एका रविवारी आईबरोबर विहारात गेले होते. सगळे पंचशील म्हणत होते, चौथं शील आलं, आणि माझा आवाज तिथेच थांबला. घरी येऊन मी डायऱ्या आणि रजिस्टराच्या झेरॉक्स जमिनीवर पसरल्या. दुपारच्या, हंगामातल्या प्रत्येक पक्ष्यापुढे डायरीत गोल केलेला ४ होता. पहाटेच्या पक्ष्यांपुढे, एक सोडला तर, नव्हता. तुम्ही जिथे जिथे चौथं शील मोडलंत तिथे तिथे तारीखवार नोंद करून ठेवली होतीत. आणि त्या आठवड्याच्या रविवारी तुमचा घसा बसायचा. तेही खोटंच की, आप्पा, त्याचा ४ मात्र कुठे मांडलेला दिसला नाही.

म्हणजे नेटवर्कला द्यायची खरी कारणं मिळाली. पण ती प्रबंधात घालायची तर तुमची डायरी दाखवायला लागणार होती, आणि तोंडी परीक्षेला बोर्डाचे तेच साहेब येऊन बसणार होते. ज्या माणसाचं लिहिणं कुणी तपासायचं नाही, त्याच्या पोरीनेच ते खोटं म्हणून सगळ्यांसमोर ठेवायचं. न ठेवावं तर पक्षी पक्षीच राहणार, माझं नेटवर्क अडाणी ठरणार, आणि तारेखाली पाचट तसंच पेटत राहणार. मी महिनाभर प्रबंधाचं ते प्रकरण उघडलं नाही. शेवटी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने निवडता निवडता ऐकून घेतलं. मी म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील आप्पांना?

"लपवायचं असतं तर माणूस लिवून ठेवतंय व्हय?" आई म्हणाली. "त्येंनी लिवलंय म्हंजे कुणीतरी बघावं म्हणूनच लिवलंय. मला वाचाय येत न्हाई. तूच बघायची हुतीस." आणि मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाली, "डोळं चांगलं हायत तुझं, खडं काढ."

दुसऱ्या दिवशी मी ते प्रकरण लिहिलं. डायरीची पानं परिशिष्टात जोडली, रानांची नावं झाकली, तुमचं नाव झाकलं नाही. ४ या खुणेचा अर्थ सरळ लिहिला. तोंडी परीक्षेत मी तुमच्या खुणांवर शिकवलेलं नेटवर्क दाखवलं, ते आता आगीला आग आणि पक्ष्याला पक्षी म्हणत होतं. बोर्डाचे साहेब परिशिष्ट उघडून बराच वेळ वाचत राहिले. मी उभ्या उभ्या साडीचा पदर पिळत होते. मग त्यांनी विचारलं, "हे तुमचे वडील?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आमच्या बाकीच्या रजिस्टरांत असे किती पक्षी असतील हो?" त्यात उपहास नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या हंगामाआधी त्यांनी माझ्याकडून त्या ऊसपट्ट्यातल्या, ४ ची खूण असलेल्या टॉवरांची यादी मागवून घेतली. तुमच्या जागी आलेली माणसं गावोगाव सांगून आली, तारेखालचं पाचट ओढून घ्या, पेटवायच्या आधी सबस्टेशनला फोन करा, केस होणार नाही. रजिस्टरात 'पाचट' लिहायला मोकळीक झाली, नाव न लिहिता. 'सापडले नाही' असं लिहिलेलंही वर चालू लागलं. सगळं एका वर्षात सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण फोन यायला लागले. ऑपरेटरने मला एकदा सांगितलं, "मॅडम, दुपारचे पक्षी कमी झालेत." मी घरी येऊन आईला ते सांगितलं, तर ती तुमच्या फोटोकडे बघून म्हणाली, "ऐकलं का?"

आता जे सांगायला बसले ते. तुमच्या सगळ्या ४ आकड्यांशी नेटवर्कचं पटलं, एक सोडून. पावसाळ्यातला, पहाटेचा पक्षी. त्या तारखेपुढे डायरीत टॉवरचे नंबर नाहीत, निघाल्याची वेळ नाही, नुसता गोल केलेला ४. ती माझ्या प्रवेशाची तारीख आहे. लाईनीवर न जाता तुम्ही माझ्याबरोबर आलात, आणि संध्याकाळी न बघता रजिस्टरात पक्षी लिहिलात. शेतकऱ्यासाठी नाही, माझ्यासाठी. त्या दिवशी गप्प का होता ते मला ड्राफ्टर मोडीत गेल्यावर कळलं. नेटवर्क मात्र त्या लाटेपुढे अडत नाही. मी कितीदा नव्याने शिकवलं, कितीदा तीच पट्टी पुन्हा दिली, दर वेळी त्याचं उत्तर एकच. पक्षी.

प्रबंधात मी तो नेटवर्कच्या चुकांच्या तक्त्यात घातला. तुम्ही खोटं म्हणून मांडलेलं मी खरं म्हणायचं, तेही एका लाटेच्या भरवशावर, हे करायला मी सरांसमोर धजले नाही. पण आप्पा, इथे ना सर आहेत ना साहेब, आणि हे पत्र तुमच्या डायरीत दुमडून ठेवण्यापलीकडे कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. त्या पहाटे तारेवर खरंच पक्षी होता. तुम्ही खोटं लिहिलं नव्हतंत. मी त्या टॉवरखाली गेलेले नाही, पिसं बघितलेली नाहीत, तरी लिहिते आहे. हा ४ माझ्या नावावर मांडा.